'शिका' आणि 'संघटित व्हा' यांच्या मधली पायरी

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. ही घोषणा आपल्या प्रत्येक बॅनरवर असते. दोंडाईचाच्या बसस्थानकाजवळच्या फलकापासून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत ती लहान पोरालाही पाठ आहे. पण जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी जे तीन इंग्रजी शब्द दिले, त्यांचा क्रम वेगळा होता : एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीदही याच क्रमाने होते. मराठीत येताना मधला शब्द शेवटी गेला. तिथे त्याचा अर्थ मोर्चा, बंद आणि निवेदन एवढाच उरला.

अ‍ॅजिटेट या शब्दाचा मूळ अर्थ ढवळणे, घुसळणे. रस्त्यावरचा संघर्ष त्यात येतोच. पण तो शब्द शिक्षण आणि संघटन यांच्या मधोमध ठेवला, तर माझ्या मते त्याचा आणखी एक अर्थ हाती लागतो. शिकलेला माणूस संघटनेत येण्याआधी त्याचे डोके ढवळून निघाले पाहिजे. समोरचा काय म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, त्यात काय लपवतो हे त्याला ओळखता आले पाहिजे. ही मधली पायरी आपण गाळली आहे. आपली पोरे पदव्या घेतात आणि थेट संघटनेत जातात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज त्यांना गोंधळात टाकतो, आणि एखादा चांगला वक्ता त्यांना एका गटातून दुसऱ्या गटात सहज घेऊन जातो.

ही पायरी वर्गात शिकवता येते. शाळेने शिकवली तर उत्तमच. शाळा शिकवत नसेल तर विहारात आणि अभ्यासिकेत आपण शिकवली पाहिजे, हे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी शाळेत काय चालते ते पाहू. दहावीच्या मराठीच्या पेपरात 'वैचारिक लेखन' नावाचा प्रश्न असतो. जाहिरात लेखन असते, पत्रलेखनात मागणी किंवा विनंती करायची असते. म्हणजे पटवून देणारे लेखन अभ्यासक्रमात आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चिकित्सक विचारावर भर देते. संविधानाच्या कलम ५१क (ज) मध्ये तर वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद, शोधक बुद्धी आणि सुधारणावाद यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. कागदावर सगळे आहे. वर्गात मात्र गाईडमधला निबंध उतरवून घेतला जातो. 'मोबाइल : शाप की वरदान' या विषयावर चाळीस वह्यांत एकच मजकूर असतो आणि शेवटचे वाक्यही एकच : अति तेथे माती.

वक्तृत्व स्पर्धेत याहून वेगळे घडत नाही. भाषण सर लिहून देतात, मूल पाठ करते, हातवारे करते, बक्षीस घेते. आपल्या १४ एप्रिलच्या कार्यक्रमातही तेच. व्यासपीठावरचे पोर बाबासाहेबांच्या पदव्या घडाघडा सांगते, टाळ्या पडतात. पण बाबासाहेबांचा एक तरी युक्तिवाद सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडून दाखव असे त्याला कोणी म्हणत नाही.

गरिबांच्या पोरांना युक्तिवाद जमत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने मिरचीच्या हंगामात दोंडाईचाच्या बाजारात एक फेरी मारावी. व्यापारी म्हणतो, माल ओला आहे, भाव कमी मिळेल. शेतकरी बाई हात ढिगात खाली घालते, तळची मिरची काढून त्याच्यासमोर धरते आणि विचारते, वरचा थर दवाने ओला आहे, सगळा माल ओला कुठून झाला? नमुन्यावरून संपूर्ण मालाबद्दल केलेला निष्कर्ष तिने एका वाक्यात पाडला. तर्कशास्त्राच्या पुस्तकात याला मोठे नाव आहे. तिचे पोर घरी अहिराणीत दिवसातून पन्नास वेळा 'काब्र?' म्हणजे 'का?' विचारते. शाळेत मात्र प्रमाण मराठीत बोलावे लागते, चुकलो तर हसतील ही भीती असते, आणि 'काब्र?' उंबऱ्याबाहेरच राहते. पोरांकडे बुद्धी आहे. वर्गाने तिच्या भाषेला जागा दिली नाही, एवढेच.

मग शिकवायचे काय? चार प्रश्न पुरतात. लिहिणाऱ्याचा दावा काय आहे? त्यासाठी त्याने कोणते कारण दिले? त्या कारणाला पुरावा काय? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : न सांगता त्याने काय गृहीत धरले आहे? आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात फळ्यावर हे चार प्रश्न लिहिलेले असतात. समोर कोणताही मजकूर आला की तो या चार चाळण्यांतून काढायचा.

एक उदाहरण घेऊ. दरवर्षी २६ जानेवारीच्या आसपास एक मेसेज फिरतो : 'आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते, आंबेडकरांनीच तसे लिहिले होते.' आपल्या तरुणांचे पहिले उत्तर बहुतेक वेळा असे असते की तुम्ही हजारो वर्षे आरक्षण घेतले, ते आधी सोडा. त्यातला राग खरा आहे, इतिहासही खरा आहे. पण दाव्याला त्याने उत्तर मिळत नाही. ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसाला वाटते, म्हणजे दहा वर्षांची गोष्ट खरी असावी.

आता चार प्रश्न लावा. दावा : आरक्षणाची मुदत दहा वर्षे होती. पुरावा : संविधान. मग संविधान उघडा. दहा वर्षांची मुदत आहे ती कलम ३३४ मध्ये, आणि ती लोकसभा व विधानसभांतील राखीव जागांपुरती. ती वेळोवेळी वाढवली गेली, १०४व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत आहे. नोकरीतील आरक्षण कलम १६(४) मध्ये आणि शिक्षणातील विशेष तरतुदी १९५१ साली आलेल्या कलम १५(४) मध्ये आहेत. त्या दोन्हींत कुठेही वर्षांची मुदत नाही. म्हणजे 'आरक्षण' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आणि एकीची मुदत दुसरीला चिकटवली. हे ज्या पोराने स्वतः कलम उघडून शोधले, त्याला पुढे आवाज चढवावा लागत नाही.

दुसरा दावा गुणवत्तेचा. आरक्षणामुळे गुणवत्ता घसरते. इथे गृहीतक शोधायचे. प्रवेश परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता, हे पहिले गृहीतक. कोटा किंवा लातूरच्या महागड्या क्लासमध्ये बसलेले मूल आणि शेतमजुरी करून अभ्यास करणारे मूल एकाच रेषेवरून धावायला निघाले, हे दुसरे. मग सुसंगतीची कसोटी लावायची. २०१९ मध्ये १०३व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आरक्षण दिले, तेव्हा गुणवत्तेची हीच चिंता हीच माणसे व्यक्त करत होती का? हा प्रश्न नेमका लागतो. पण वर्गात पोरांना इथे थांबवून आणखी एक गोष्ट सांगावी लागते. बोलणारा दुटप्पी आहे हे सिद्ध झाले, म्हणून त्याचा दावा आपोआप खोटा ठरत नाही. त्याचे गृहीतक स्वतंत्रपणे मोडावे लागते. हा फरक ज्याला कळला, तो सभेत टाळ्या घेणारे बोलणे आणि न्यायालयात टिकणारे बोलणे यांतला फरकही ओळखतो.

आता पटवून देणारे लेखन कसे असते हे शिकायला पुस्तक कोणते घ्यावे? दूर जायला नको. आपल्याच खान्देशातली, चाळीसगावची घटना घ्या. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून खान्देशात सामाजिक बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करायला आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या आपल्या लोकांनी आग्रह करून मुक्कामाला थांबवले. महारवाडा चालत जाण्याच्या अंतरावर होता, तरी पाहुण्याला पायी नेणे बरे दिसणार नाही म्हणून टांगा ठरवला. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन जायला नकार दिला. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्याने देऊ, हाकणारा देणार नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत गेला.

बाबासाहेबांनी ही हकिकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात नोंदवली आहे. त्यांच्या हयातीत ते पुस्तकरूपाने आले नाही. वर्गात ही गोष्ट सांगितली की पोरांचे डोळे भरून येतात. तिथे वर्ग संपवू नका. तिथूनच सुरू करा. विचारा, हे लिहून बाबासाहेबांना काय सिद्ध करायचे आहे?

त्याच लेखनात त्यांनी १९०१च्या सुमाराची गोष्ट दिली आहे. लहानगे भीमराव भावंडांबरोबर कोरेगावला वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. अंगावर चांगले कपडे, खिशात पैसे. जात कळली आणि बैलगाडीवाले नेईनात. तोड काय निघाली? भाडे दुप्पट द्या, गाडी तुम्हीच हाका, गाडीवाला बाजूने चालेल. आता ही तोड आणि चाळीसगावची तोड शेजारी ठेवा. अठ्ठावीस वर्षांचे अंतर. तेव्हाचा मुलगा आता बॅरिस्टर, डॉक्टरेट मिळवलेला, मुंबई कायदेमंडळाचा सदस्य. तोड तीच : गाडी घ्या, पण हाका तुम्हीच. 'शिका, मोठे व्हा, जात आपोआप गळून पडेल' हा दावा आजही आपल्याला ऐकवला जातो. त्याला उत्तर म्हणून या दोन घटना पुरेशा आहेत, कारण 'आपोआप' म्हणणाऱ्याला खोटे पाडायला एक ठोस उलट उदाहरणही चालते.

पुढे पाहा. बाबासाहेब एका घटनेवर थांबत नाहीत. निवडलेली प्रत्येक घटना प्रतिपक्षाची एक पळवाट बंद करते. गरिबीमुळे असे वागवले म्हणाल, तर मसूरची मुले पैसेवाली होती. अडाणीपणामुळे म्हणाल, तर बडोद्यात परदेशी शिकून आलेल्या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळाली नाही. हा फक्त हिंदूंचा प्रश्न म्हणाल, तर बडोद्याच्या धर्मशाळेत पारशी होते आणि दौलताबादच्या हौदावर मुसलमान. शिकलेले लोक भेद पाळत नाहीत म्हणाल, तर काठेवाडातल्या डॉक्टरने आजारी बाळंतिणीला हात लावला नाही, थर्मामीटर दुसऱ्याच्या हातून दिले, आणि ती बाई गेली. पुरावा कसा निवडावा याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.

चाळीसगावच्या हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे, जी आपण भाषणात सहसा सांगत नाही. आपल्या लोकांनी पाहुण्याच्या सुरक्षिततेपेक्षा त्याच्या मानाला जास्त महत्त्व दिले, हेही बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिले आहे. ते झाकता आले असते. झाकले नाही, म्हणून वाचणाऱ्याचा त्यांच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो. आपल्या बाजूची अडचणीची गोष्ट लपवली की युक्तिवाद बळकट होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे पान वाचावे.

विरोधकाचे म्हणणे कसे हाताळावे हे शिकायचे असेल तर 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' घ्या. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाला बोलावले, भाषणाचा मजकूर पाहून हरकती घेतल्या आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापले आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही सोबत छापला. गांधीजींनी 'हरिजन'मधून टीका केली, तर १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत ती टीका आणि तिला दिलेले उत्तर, दोन्ही आले. विरोधकाचे शब्द त्याच्याच भाषेत आपल्या पुस्तकात छापायला काय लागते? आपल्या उत्तरावर पूर्ण भरवसा लागतो. आज आपण समोरच्याच्या पोस्टमधली अर्धी ओळ कापून स्क्रीनशॉट टाकतो आणि त्याला प्रतिवाद म्हणतो.

हे सगळे कशासाठी? परीक्षेत चार गुण वाढावेत म्हणून नव्हे. शब्दांच्या निवडीवर आपल्या माणसांचा न्याय अवलंबून असतो म्हणून. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. सुरुवातीला ही घटना जातीय अत्याचार म्हणून मांडलीच गेली नाही, बाईच्या चारित्र्याची चर्चा झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने हत्येसाठी शिक्षा दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही हत्येमागे सूडाचे कारण मानले. घटना एकच. तिला 'जात' म्हणायचे की 'सूड', या एका शब्दावर केवढा फरक पडला!

आपल्या तालुक्या-जिल्ह्यातल्या बातम्या याच नजरेने वाचा. 'दोन गटांत हाणामारी' असा मथळा असतो तेव्हा मारणारा आणि मार खाणारा एका ओळीत बसवलेले असतात. 'तरुणाला मारहाण झाली' या वाक्यात मारणारा कोण हे गायब असते. वर्गात पोरांना हा मथळा कर्ता घालून पुन्हा लिहायला सांगा. त्यांना बातमी वाचायची नवी सवय लागते.

समाजकार्य करताना हे मी पोलीस ठाण्यात अनेकदा पाहते. फिर्याद देणारा घाबरलेला असतो, लिहिणारा आपल्या शब्दांत लिहितो, आणि कागदावर 'जातिवाचक शिवीगाळ' ऐवजी फक्त 'शिवीगाळ' येते. फिर्याद वाचून दाखवणे आणि तिची प्रत मोफत देणे बंधनकारक आहे. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. पण वाचून दाखवल्यावर कोणता शब्द गळला हे ओळखणारे कोणी सोबत हवे. प्रत्येक वस्तीत अशी दोन पोरे आणि दोन पोरी तयार झाल्या, तरी या अभ्यासवर्गाचे सार्थक होईल.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात.

पहिला : असे शिकवले तर पोरे उद्या बाबासाहेबांचीच चिकित्सा करतील. करू द्या. कालाम सुत्तात भगवंतांनी परंपरा, ऐकीव गोष्ट, ग्रंथ यांच्याबरोबर 'हा आमचा गुरू आहे' हे कारणही नाकारले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. भक्त केलेल्या पोराला नवा गुरू दाखवून कोणीही नेऊ शकतो. ज्याने बाबासाहेबांचा युक्तिवाद स्वतः तपासून स्वीकारला, त्याला हलवणे अवघड असते.

दुसरा : जात मानणारा तर्क ऐकत नाही, मग युक्तिवाद कशाला? हा आक्षेप खरा आहे. कुऱ्हाड घेऊन आलेल्याला परिच्छेद वाचून दाखवता येत नाही. पण आपला युक्तिवाद बहुधा त्याच्यासाठी नसतोच. तो ऐकणाऱ्या तिसऱ्या माणसासाठी असतो : न्यायाधीश, शिक्षक, वर्गमैत्रीण, काठावर उभा असलेला ओबीसी मित्र. आणि तो आपल्या स्वतःसाठी असतो, म्हणजे दुसऱ्याची भाषा आपल्या तोंडी येत नाही.

तिसरा : चिकित्सेच्या नावाखाली पीडितालाच पुरावे मागितले जातील. ही भीती रास्त आहे, कारण हे आजही होते. म्हणून वर्गाचा नियम पहिल्या दिवशी सांगायचा : जो निकष आपल्याला, तोच समोरच्याला. फक्त एका बाजूला 'सिद्ध कर' म्हणणे ही चिकित्सा नव्हे, ती जात आहे.

करायला सोपे आहे. चार रविवार, दीड-दीड तास. पहिल्या रविवारी मोबाइलमधला एक फॉरवर्ड, चार प्रश्न आणि संविधानाची प्रत. दुसऱ्या रविवारी एकाच घटनेची दोन वर्तमानपत्रांतली बातमी. तिसऱ्या रविवारी चाळीसगावचे प्रकरण, ओळीओळीने. चौथ्या रविवारी प्रत्येकाने एका विषयावर आधी विरोधकाची बाजू लिहायची, अशी की विरोधकालाही 'हो, हेच माझे म्हणणे' वाटेल, आणि मग तिला उत्तर द्यायचे. चर्चा अहिराणीत, लेखन मराठीत. मुली मागे बसणार नाहीत आणि पहिले उत्तर त्यांचे, एवढी काळजी घ्यायची. शिक्षक असलेल्या बांधवांनी आणि भगिनींनी हेच वैचारिक लेखनाच्या तासाला करावे, वेगळी परवानगी लागत नाही.

दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंनी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली बाबासाहेब तिथे मुक्कामाला थांबले होते. ते धुळ्याला आले होते ते न्यायालयाच्या कामासाठी, म्हणजे युक्तिवाद करायला. यंदा तिथे डीजेच्या आणि सत्कारांच्या मधून एक तास काढा. एका झाडाखाली पंधरा-वीस पोरापोरींना बसवा आणि चाळीसगावचे ते पान मोठ्याने वाचा. शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : काब्र?

जय भीम!